विश्लेषण : पन्नाशीच्या ट्रॅक्टरला नवे बॉनेट का बसत नाही?

कांदिवलीत तयार झालेल्या बी-२७५ ट्रॅक्टरचा पत्रा आजही बाजारात मिळतो. पण तो आणून थेट बोल्ट आवळले, तर रंगाचा खर्च दोनदा करावा लागतो. घोटाळा नेमका कुठे होतो?

ठाकुर्ली स्थानकाबाहेर आज कुठेही पाहिले तरी टॉवर दिसतात. चोळेगाव, कांचनगाव, खंबाळपाडा ही नावे रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. पण या पट्ट्यात आणि पुढे कल्याण तालुक्यातल्या गावांत भातशेती होती, वीटभट्ट्या होत्या आणि त्यांच्या दिमतीला ट्रॅक्टर होते. जमीन गेली तरी ट्रॅक्टर लगेच जात नाही. तो घरामागे, शेवग्याच्या झाडाखाली, ताडपत्री पांघरून उभा राहतो. आजोबांनी घेतलेला असतो, म्हणून विकवत नाही. दारावर येणारा भंगारवाला मात्र किलोवर भाव सांगतो. दीड टनाहून अधिक वजनाच्या लोखंडाचा हिशेब त्याच्या तोंडावर तयार असतो.

अशा घरातल्या पुढच्या पिढीतला कुणीतरी एक दिवस ठरवतो की हे यंत्र पुन्हा उभे करायचे. इंजिनाचे काम तुलनेने सोपे असते. पिस्टन, लायनर, नोझल यांची मापे ठरलेली असतात आणि डिझेल पंपाचा मिस्त्री कल्याणमध्येही सापडतो. पैसे आणि उत्साह अडकतो तो पत्र्यात. बॉनेट, पुढची जाळी, बाजूचे पत्रे, मडगार्ड हे सगळे ‘नवे कोरे’ येते आणि बसत नाही. भोके जुळत नाहीत, बॉनेट एका बाजूने उचललेले राहते. मग कुणीतरी हातोडी उचलतो.

बी-२७५ आला कुठून?

उदाहरणासाठी बी-२७५ घेण्याचे कारण म्हणजे तो आपल्याच भागातला आहे. मूळ आराखडा ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ या अमेरिकी कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेचा. १९५८ मध्ये तिथे हा ट्रॅक्टर बाजारात आला. चार सिलिंडरचे, १४४ घनइंचांचे म्हणजे साधारण २.४ लिटरचे डिझेल इंजिन आणि ३५ अश्वशक्तीच्या आसपास ताकद. भारतात महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली. कारखाना कांदिवलीला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. म्हणजे ठाकुर्लीत उभा असलेला एखादा लाल बी-२७५ हा दादरला गाडी बदलून गाठता येईल अशा ठिकाणी जन्मलेला असतो.

पत्र्याच्या दृष्टीने या इतिहासाला महत्त्व आहे. हे नाव भारतात दीर्घकाळ विकले गेले. ब्रिटिश बनावट, कांदिवलीची सुरुवातीची बनावट, नंतरचे बदल आणि या सगळ्यांवरून बाहेरच्या कारखान्यांनी काढलेल्या नकला, हे सगळे ‘बी-२७५ चा पत्रा’ या एकाच नावाने मिळते. लुधियाना, राजकोट, दिल्लीचे काश्मिरी गेट इथून माल येतो आणि जुना मूळ तुकडा कधीमधी कुर्ल्याच्या भंगार बाजारातही हाती लागतो. दुकानदार खोटे बोलत नसतो. त्याच्याकडचा पत्रा कुठल्यातरी बी-२७५ लाच बसतो. तो तुमचा असेलच असे नाही.

त्यामुळे फोनवर ‘दोनशे पंचाहत्तरचे बॉनेट पाठवा’ एवढे सांगणे महागात पडते. जुन्या पत्र्यावर मोजपट्टी ठेवून फोटो पाठवावेत. मधल्या रेषेवरची लांबी, पुढची आणि मागची रुंदी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर त्यात दिसायला हवे. कडा गंजून खातात, वाकतात, कुणी कापलेल्याही असतात. भोकांमधले अंतर सहसा टिकते.

पत्रा चुकतो की ट्रॅक्टर?

बहुतेक वेळा दोघेही थोडे थोडे चुकलेले असतात. मोटारीला एक सलग सांगाडा असतो आणि दार-बॉनेट त्याच्या मापात बसते. ट्रॅक्टरचे तसे नाही. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल हे एकमेकांना बोल्टने जोडलेले ओतीव लोखंडच कण्याचे काम करते. पत्रा या कण्यावर नुसता टांगलेला असतो. पुढे रेडिएटरचा आधार, मागे टाकी आणि स्टिअरिंगजवळचे ब्रॅकेट. कणा पन्नास वर्षांत हलत नाही. ब्रॅकेट मात्र हलतात.

रेडिएटरखालच्या रबरी गाद्या दगडासारख्या होऊन दबलेल्या असतात. कधीकाळी झाडाला धडक बसून पुढचा आधार किंचित मागे गेलेला असतो. टाकीचा पट्टा तुटल्यावर गावातल्या वेल्डरने नवा लावलेला असतो, तोही नजरेच्या अंदाजाने. हे सगळे दोन-चार मिलिमीटरचे खेळ आहेत. जुने बॉनेट त्या प्रत्येक बदलाबरोबर स्वतः वाकत गेले, म्हणून ते ‘व्यवस्थित बसते’. दोघे एकत्र म्हातारे झालेले असतात. नवे बॉनेट त्याच्या मूळ साच्याच्या मापाचे असते आणि ते या घरात परके ठरते.

म्हणून जुने बॉनेट बसते आणि नवे बसत नाही, एवढ्यावरून नवे चुकीचे असे ठरत नाही. आधी रबर बदलायचे, मग आधार सरळ करायचे आणि त्यानंतरच पत्रा पारखायचा. अनेक जण नेमके उलटे करतात. बॉनेट बसवून, रंगवून झाल्यावर रेडिएटरच्या गाद्या बदलतात. रेडिएटर काही मिलिमीटर वर येतो आणि बॉनेटची पुढची कड उचलली जाते.

पत्र्याच्या जाडीचाही प्रश्न आहे. जुन्या ट्रॅक्टरचा पत्रा साधारण १६ ते १८ गेजचा, म्हणजे १.६ ते १.२ मिलिमीटर जाड. स्वस्त नक्कल अनेकदा २० गेजची, सुमारे ०.९ मिलिमीटरची निघते. फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनावर ठरतो. १.२ ऐवजी ०.९ मिलिमीटर म्हणजे जाडी पाऊणपट, ताठरपणा मात्र निम्म्याहूनही कमी, साधारण ४२ टक्के. असे बॉनेट उन्हात तापले की फुगते, इंजिन सुरू झाले की थरथरते आणि बोल्टभोवती तडे जातात. खरेदीच्या वेळी हजार-दोन हजार रुपये वाचवणाऱ्याने एक साधा मायक्रोमीटर सोबत न्यावा. रंगाची जाडी त्यात मिसळते, हे लक्षात ठेवून कोरी कड मोजावी.

बसवण्याचा क्रम

अनुभवी डेंटर पहिल्या दिवशी एकही बोल्ट पूर्ण आवळत नाही. सगळे पत्रे, म्हणजे बॉनेट, जाळी, बाजूचे पत्रे, मीटरचे पॅनेल, एकत्र चढवले जातात आणि बोल्ट फक्त हाताने फिरवले जातात. एक पत्रा नीट बसवून मग दुसरा घेतला, तर पहिल्याचे सगळे चुकलेले मिलिमीटर शेवटच्या पत्र्याच्या वाट्याला येतात. म्हणून चूक वाटून घ्यायची असते.

सुरुवात जिथे हलवायला जागा नाही तिथून करायची, म्हणजे पुढच्या ओतीव आधारापासून. जाळी तिथे सरळ उभी राहिली की बॉनेटची पुढची कड तिच्याशी जुळवायची आणि मागची कड टाकीच्या बाजूला ‘तरंगती’ ठेवायची. दोन्ही कर्णरेषा दोरीने मोजल्या की बॉनेट तिरके आहे की नाही ते कळते. डोळा इथे फसवतो, कारण ट्रॅक्टर उभा असलेली जमीनच तिरकी असते.

फटींसाठी महागडे गेज लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी जगभर ०.७६ मिलिमीटर ठरलेली आहे. मुदत संपलेली पाच कार्डे एकत्र चिकटवली की ३.८ मिलिमीटरची पट्टी मिळते. ती दोन्ही बाजूंच्या फटीत सारखीच सरकली पाहिजे.

भोक जुळत नसेल तर? इथे मतभेद आहेत. काही मिस्त्री ट्रॅक्टरचे ब्रॅकेट कापतात, कारण नवा पत्रा खराब करायला जीव होत नाही. पण ओतीव आधार आणि कारखान्याचे ब्रॅकेट हीच मूळ वस्तू आहे. बळी द्यायचाच तर नव्या पत्र्याचा द्यावा. तो पुन्हा मिळतो. त्याआधी वॉशर घालून उंची जमते का ते पाहावे आणि मगच पत्र्याचे भोक कानशीने लांबट करावे. ड्रिलने मोठे केलेले भोक पुन्हा लहान होत नाही.

सगळे जुळले की रंगाकडे धावण्याआधी एक काम उरते. कोरा पत्रा तसाच ठेवून इंजिन सुरू करायचे आणि अर्धा तास चालवायचे. चार सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन मंद गतीवर चांगलेच हलते. बॉनेट रेडिएटरच्या झाकणाला लागते का, सायलेन्सरभोवती पुरेशी जागा आहे का, डिझेलची नळी कुठे घासते का, हे उभ्या ट्रॅक्टरवर कळत नाही. घासलेली डिझेल नळी आणि तापलेला सायलेन्सर एकत्र आले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

याच वेळी पाण्याच्या तापमानावरही नजर ठेवावी. पंखा जाळीतून हवा आत ओढतो. रेडिएटर आणि बॉनेट यांच्यामध्ये मूळ ट्रॅक्टरमध्ये असलेली रबर किंवा फेल्टची पट्टी नव्या पत्र्यासोबत बहुधा येत नाही. ती नसली की इंजिनाकडची गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते आणि तीच पुन्हा ओढली जाते. रेडिएटर साफ केला, पंप बदलला तरी इंजिन तापते आणि दोष भलत्याच भागावर जातो.

अख्खा पत्रा बदलायचा की ठिगळ लावायचे?

गंज सहसा खालच्या कडेला, दुमडलेल्या घडीत असतो, कारण पाणी आणि भुसा तिथे साचतो. वरचा भाग धड असेल तर फक्त खालची पट्टी कापून त्याच जाडीच्या सीआर पत्र्याची नवी पट्टी जोडणे केव्हाही चांगले. मूळ वळणे आणि उठावाची अक्षरे टिकतात आणि भोकांचा प्रश्नच येत नाही. मेहनत जास्त, पण नव्या बॉनेटला चार दिवस ठोकण्यापेक्षा कमीच.

यात बिघाड होतो तो उष्णतेने. सलग वेल्डिंग मारले की पत्रा लाटेसारखा वर-खाली होतो. म्हणून दर तीन-चार सेंटिमीटरवर एक टाका, तोही एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक, मग मध्ये, असा उड्या मारत घालतात. प्रत्येक टाका हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचे. गॅस वेल्डिंगने हे जमवणे कठीण, मिग किंवा टिग बरे. डोंबिवली एमआयडीसीच्या आसपास पत्रेकाम करणाऱ्यांकडे ही यंत्रे असतात. घरी उरलेला जस्ताचा, म्हणजे जीआय पत्रा मात्र वापरू नये. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि त्याने ताप भरतो. शिवाय साधा प्रायमर त्यावर धरत नाही.

उरलेली उंच-सखल जागा पुट्टीने, गॅरेजच्या भाषेत लांबीने, भरतात. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापेक्षा जाड थर ट्रॅक्टरच्या थरथराटात खपलीसारखा सुटतो.

मडगार्डकडे दुर्लक्ष नको

बॉनेट दिसते, म्हणून सगळे लक्ष तिथे जाते. वजन मात्र मडगार्ड पेलतो. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कुणी बसू नये, हे सगळ्यांना माहीत असते आणि दोन्ही मडगार्डवर पाहुणे बसवून मिरवणूक निघतेच. हळदीच्या रात्री तर नक्कीच. अशा वेळी मडगार्ड पातळ पत्र्याचा असेल आणि ब्रॅकेटला जुना तडा असेल, तर माणूस पडतो तो थेट फिरत्या चाकावर. म्हणून इथे जाडीत तडजोड नको. ब्रॅकेटचा रंग पूर्ण खरवडून तडा तपासावा.

मापाची एक मेख इथेही आहे. मडगार्ड झिजलेल्या टायरवर जुळवले आणि नंतर नवे टायर चढवले, तर नव्या नक्षीची उंची सगळी जागा खाते. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांमधले अंतर डिस्क उलटी करून कमी-जास्त करता येते. चाके सर्वांत आत असताना टायर आणि मडगार्ड यांच्यात चिखलासाठी जागा उरते का, ते पाहूनच बोल्ट आवळावेत.

रंग कधी लावायचा?

ठाकुर्लीत तरी दिवाळीनंतर. एका बाजूला उल्हास नदी आणि खाडी, त्यात चार महिने पाऊस. अशा दमट हवेत एनसी रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि लाल रंगावर चुना फिरवल्यासारखी पांढुरकी झाक येते. पावसाळा जुळवाजुळवीत घालवावा आणि रंगकाम कोरड्या हवेवर सोडावे. कोरा पत्रा तोवर उघडा ठेवू नये, एका रात्रीत तांबूस होतो.

नव्या पत्र्यावर येणारा काळा किंवा राखाडी थर हा प्रायमर आहे असे धरून चालू नये. अनेकदा तो फक्त वाहतुकीत गंज लागू नये म्हणून दिलेला असतो. थिनरमध्ये भिजवलेले फडके चोळून पाहावे. थर विरघळून फडक्यावर आला, तर तो पूर्ण काढणे भाग आहे. नाहीतर वरचा महागडा रंग सालीसारखा निघतो.

जुळवणी झाल्यावर प्रत्येक पत्र्याला क्रमांक द्यावा, कुठे किती वॉशर लागले त्याचा फोटो काढावा आणि सगळे उतरवून सुटे रंगवावे. घडीच्या आतली बाजू, भोकांच्या कडा, खालचा पृष्ठभाग, जे दिसत नाही तिथे प्रायमर आधी. जुना पत्रा तिथूनच खाल्ला गेला होता. दोन घटकांचा पीयू रंग जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते फुप्फुसांना घातक असून कापडी किंवा साध्या धुळीच्या मास्कने अडत नाही. अंगणात, मुले खेळत असताना हा रंग फवारणे हा शुद्ध वेडेपणा आहे. डोंबिवलीतल्या एखाद्या पेंट बूथला सुटे पत्रे नेऊन देणे जास्त शहाणपणाचे.

लाल रंगाची छटा मोबाइलवरच्या फोटोवरून ठरवू नये. प्रत्येक स्क्रीन वेगळी. एखाद्या ब्रॅकेटखाली किंवा जुन्या स्टिकरमागे, जिथे ऊन पोहोचले नाही, तिथे मूळ रंग सापडतो. तो तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात जावे.

आरटीओचे काय?

पैसे खर्च करण्याआधी आरसी बुक शोधणे चांगले. शेतीचा ट्रॅक्टर हे कायद्याने बिगर-वाहतूक वाहन आहे. त्याची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर नूतनीकरण करावे लागते. आरसीवर रंगाचीही नोंद असते. मूळ लाल ट्रॅक्टर हौसेने निळा केला, तर ती नोंद बदलून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल परस्पर करता येत नाहीत. त्याच नमुन्याचा पत्रा त्याच जागी बसवणे ही दुरुस्ती आहे. बॉनेट कापून दुसऱ्याच मॉडेलचे नाक लावणे ही वेगळी गोष्ट.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नवे नियम आणले. वाहन पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने आणि मूळ रूपात असावे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण हे नियम दुचाकी आणि चारचाकी मोटारींच्या रॅली आणि प्रदर्शने डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. ट्रॅक्टरला ‘व्हीए’ क्रमांक मिळेलच असे गृहीत धरून कुणी खर्चाला हात घालू नये. कल्याण आरटीओत, म्हणजे एमएच-०५ कडे, आधी लेखी विचारणा करणे बरे.

नूतनीकरणाच्या वेळी चासी आणि इंजिन क्रमांकाचा पेन्सिलने उमटवलेला ठसा मागितला जातो. पत्रेकाम करणाऱ्याच्या हाती ट्रॅक्टर देताना हे दोन्ही क्रमांक आणि कंपनीची धातूची पट्टी यांचे फोटो काढून त्यावर मास्किंग टेप लावावी. सँडब्लास्टिंगला सगळे लोखंड सारखेच असते आणि पुट्टी-रंगाच्या चार थरांखाली गेलेला क्रमांक नंतर खरवडून काढताना त्याचे आकडेही पुसट होतात.

जुना पत्रा भंगारात देण्याची घाईही नको. नव्या बॉनेटने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढेपर्यंत तो माळ्यावर ठेवावा. कुठल्या भोकाला कुठला बोल्ट होता, आतल्या बाजूला पट्टी कुठे चिकटवली होती, हे फोटोत सुटलेले तपशील त्याच गंजक्या तुकड्यावर सापडतात.